माजिवड्याचा मद्रास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी तळ्याकाठी बसतो त्या मित्रांना तर नाहीच. देवालाही नाही — त्याला ठाऊकच असेल असं धरून चाललो, म्हणजे तोंडाने बोलायला नको. बघा, तिथेही पळवाट काढलीच! आता तुम्हाला सांगतो आहे, पण एक अट आहे. मधेच मान हलवून 'चालायचंच, माणूस आहे' असं म्हणू नका. ते ऐकलं की माझं मस्तक फिरतं. चालायचंच म्हणजे काय? आभाळातून पडलं का ते? मी केलं. या हातांनी, या जिभेने.

मी ठाण्याचा घड्याळजी. स्टेशनाकडून बाजारात वळताना माझं दुकान लागतं. मुंबईत एका पारशाच्या हाताखाली काम शिकलो. जुनी घड्याळं घ्यायची, साफसूफ करायची, विकायची — त्यावर संसार केला. लोक काय म्हणतात ठाऊक आहे? 'नानाशेटकडचं घड्याळ डोळे मिटून घ्यावं.' परवा एका लग्नाच्या पंगतीत एका गृहस्थांनी चारचौघांत हेच म्हटलं, वर माझ्या पाठीवर थाप मारली. मी जिलबीचा तुकडा तसाच पानात ठेवला. डोळे मिटून घ्यावं! घेतलं होतं एकाने तसंच. त्याचं नाव पास्कू.

पण पास्कू म्हटलं तर ठाण्यात कुणाला कळायचं नाही. 'मद्रास' म्हणा, लगेच ओळखतील. माजिवड्याचा मद्रास — भाजीवाला, किरिस्ताव, उंच, काळाभोर, कायम हसणारा. तो मद्रासचा नव्हता. मद्रास त्याने डोळ्यांनी पाहिलं नाही. त्याच्या सात पिढ्या माजिवड्याच्या मातीत राबल्या. हे नाव त्याला मी ठेवलं.

का ठेवलं — थांबा. आधी घड्याळाचं सांगतो.

कल्याणला रेल्वेच्या बंगल्यात राहणारा एक साहेब विलायतेला निघाला होता. त्याच्या सामानाचा लिलाव होता, तिथून मी ते आणलं. खिशातलं घड्याळ, पण केवढं! जाड काच, काळे ठसठशीत आकडे, हातात घेतलं की वजन कळावं असं. शिवाय बिनचावीचं. वेगळी चावी सांभाळायला नको, डोक्यावरची गुंडी फिरवली की झालं. तेव्हा तशी घड्याळं इकडे फारशी दिसत नसत. मी ते दुकानात दर्शनी खुंटीवर टांगलं. कुणी विचारलं की सांगायचो, हे आगबोटीच्या कप्तानाचं, साता समुद्रांवरून फिरून आलंय. साफ खोटं. तो साहेब कचेरीतला कारकुंडा होता, समुद्रावर त्याला ओकाऱ्या व्हायच्या असं त्याचा बटलरच सांगत होता. पण जुनी वस्तू विकायची तर तिला एक गोष्ट जोडावी लागते, असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. सगळेच म्हणतात! म्हणून मी पण?

असो. खोटी गोष्ट हे पाप नव्हे, निदान मोठं नव्हे. मोठं पुढेच आहे.

ते घड्याळ टांगलेलं असलं की सोन्यासारखं चालायचं. एकदा जेवायला उठताना मी ते बाकावर आडवं ठेवलं, काच वर, पाठ खाली. परत आलो तर थांबलेलं. उचललं — चालू! आत डोलणारं एक चाक असतं, त्याच्या आसाचं एक टोक झिजलं होतं. आडवं ठेवलं की कधी थांबायचं, कधी नाही. आणि हात लागला की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा टकटक. तुम्ही म्हणाल, बंद पडणारं घड्याळ, गिऱ्हाइकाला कळेलच की. अहो, तिथेच तर मेख आहे. बंद पडून राहिलं असतं तर कळलं असतं. हे मधेच झोपायचं आणि उठून कामाला लागायचं. किती वेळ झोपलं होतं, हे सांगायचं नाही.

दुरुस्ती एका दुपारची होती. मी केली नाही. लग्नसराई होती, कामं फार होती — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. खुंटीवर चालतंय ना, मग कशाला हात लावा, हे खरं.

आणि मग पास्कू आला.

वांगी, मुळे, वालाच्या शेंगा घेऊन तो आणि त्याची बायको मारी रोज ठाण्याच्या बाजारात बसत. त्यांचा एकुलता मुलगा आंतोन. त्याला शेतात राबायचं नव्हतं, आगबोटीवर खलाशी व्हायचं होतं. बापलेकांचं वाजलं. पास्कूने त्याला सांगितलं, गेलास तर मी मेलो असं समज, पोचवायला येणार नाही, तोंड बघणार नाही. पोरगाही बापाचाच, ताठ. गेला निघून मुंबईला. मग गावच्या पाद्रीकडून निरोप आला की आंतोनची बोट अमुक दिवशी सकाळी गोदीतून सुटणार. आणि पास्कूचा सगळा ताठा त्या निरोपासरशी उतरला. त्याने ठरवलं, जायचं. मारीला घेऊन जायचं, पोराला पोटाशी धरायचं, आणि त्याच्या हातात एक घड्याळ द्यायचं.

"आगबोटीवर सगला टायमावर चालते," मला तो म्हणाला. "पोऱ्याकडं घड्याल पायजेल. चांगला द्या, नानाशेट. मना त्यातला काय कलत नाय."

मला त्यातलं काही कळत नाही, असं म्हणाला माझ्यासमोर. मी खुंटीवरचं काढलं. कप्तानाची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! कप्तानाचं घड्याळ पुन्हा समुद्रावर जाणार! त्याने ते कानाला लावलं, मारीच्या कानाला लावलं. किंमत मी सांगत नाही, ती इथे महत्त्वाची नाही. निघताना त्याने विचारलं — आणि हा प्रश्न मी आजही झोपेत ऐकतो —

"रातचा उशाला ठेवला तर चालंल ना?"

मी म्हणालो, "चालेल की."

आता बघा आपल्या मराठीची गंमत. चालेल म्हणजे हरकत नाही. चालेल म्हणजे चालू राहील. त्याने दुसऱ्या अर्थाने विचारलं, मी पहिल्या अर्थाने उत्तर दिलं, मग मी खोटं कुठे बोललो? अशी वकिली मी मनातल्या मनात किती वर्षं केली असेन! कुणी वकील करणार नाही इतकी नीच वकिली. माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते सांगू? माजिवड्याच्या शेतकऱ्याला अर्धा तास काय आणि तास काय. कोंबड्यावर उठणारी माणसं ही. हेच होतं मनात. दुसरं काहीही नव्हतं.

वर शहाणपणा शिकवला. म्हटलं, पास्कू, आता घड्याळवाला झालास, कोंबड्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता दोन वेळांचं सांगायला हवं. तुम्हाला ते ठाऊक आहेच, पण सगळं गाडं तिथेच अडलंय. आगगाडी मद्रास टाइमावर चालते. आपली कचेरी, आपला बाजार, देवळातली आरती, चर्चची घंटा हे सगळं गावच्या वेळेवर. मद्रास पडलं पूर्वेला, तिथे सूर्य आधी उगवतो, म्हणून स्टेशनातलं घड्याळ गावाच्या अर्धा तास पुढे. गावात पाच तर स्टेशनात साडेपाच. नवखा माणूस एकदा तरी गाडी चुकवतोच आणि लोक त्याला हसतात. म्हणून मीच पास्कूला स्टेशनात नेलं, तिथल्या घड्याळाबरोबर त्याचं घड्याळ लावून दिलं, आणि बजावलं की आता याला हात लावू नकोस. त्याने लावला नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. हे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी पहाटेच्या गाडीने त्यांना जायचं होतं. घड्याळ रात्रभर उशाशी, आडवं, मऊ फडक्यावर. कोंबडा आरवला तशी मारी उठली. तिने नवऱ्याला हलवलं. त्याने घड्याळ हातात घेऊन दिव्यापाशी पाहिलं आणि म्हणाला, अजून टाइम हाय. ती म्हणाली, कोंबडा आरवला. तो म्हणाला, कोंबड्याला काय ठावं, घड्याल बग. हे सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं, हसत हसत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला का ठाऊक नव्हतं? होतं. त्याने माझं ऐकलं.

माजिवड्याहून चालत दोघं स्टेशनात आली. गाडी गेलेली.

पुढची गाडी उन्हं वर आल्यावर. तोवर दोघं माझ्या दुकानाशी येऊन उभी राहिली. मारीच्या हातात गाठोडं होतं. पोरासाठी काहीतरी तळलं होतं तिने, तुपाचा वास येत होता. मी नुकतीच फळी उघडली होती. कोर्टातले शिरस्तेदार आपलं घड्याळ न्यायला आले होते, आणि स्टेशनातले दोन-चार रिकामटेकडे पास्कूच्या मागे मागे मजा बघायला आले होते. पास्कूने घड्याळ पुढे केलं. "ह्यो आजारी हाय का, नानाशेट?"

मी पाहिलं. चालू होतं. माझ्या भिंतीवर एक घड्याळ मी स्टेशनच्या वेळेला लावून ठेवतो, त्याच्याशी ताडून पाहिलं. बरोबर अर्धा तास मागे.

अर्धा तास! पाव तास मागे असतं, पाऊण तास मागे असतं, तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. पण नेमका अर्धा तास. म्हणजे नेमकी गावची वेळ. दैवाने माझ्या हातात खोटं घडवून, पॉलिश करून दिलं. मी नुसतं उचलायचं होतं. उचललं.

"अरे पास्कू," मी मोठ्याने म्हणालो, शिरस्तेदारांना ऐकू जाईल असं, "हे तर गावच्या वेळेवर आहे! काल घंटा ऐकून काटे मागे फिरवलेस ना?"

तो म्हणाला, नाय. मी म्हणालो, मग काय भुताने फिरवले?  संध्याकाळी चर्चची घंटा झाली तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं होतं, हे त्याला आठवलं. दोन्हींचा मेळ बसेना म्हणून त्याला नवल वाटलं होतं, तेही आठवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचा स्वतःवरचा भरवसा माझ्या डोळ्यांदेखत सुटत गेला.

मारी म्हणाली, "त्याना फिरवला नाय. मी व्हते तितं."

मी काय म्हणालो? म्हणालो, "बाई, तू काय रात्रभर त्याच्या बोटांवर पहारा देत होतीस?" लोक हसले. शिरस्तेदार हसले. आणि त्या हसण्यात मला इतकं सुरक्षित वाटलं की मी आणखी एक पाऊल पुढे गेलो. म्हणालो, "पास्कू, आजपासून तुझं नाव मद्रास! म्हणजे पुन्हा विसरणार नाहीस." मग तर हशाला पारावार राहिला नाही. पास्कूही हसला, कसंनुसं. "मंग मीच फिरवला आसंल," म्हणाला. "माजीच चूक."

मारी हसली नाही. तिने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं आणि स्टेशनाकडे चालू लागली.

दुसऱ्या गाडीने गेली ती दोघं. गोदीत आंतोनची बोट नव्हती. पोरगा कठड्याशी उभा राहून गर्दीत बघत होता, बोट पार दूर जाईपर्यंत, असं कुणा हमालाने त्यांना सांगितलं.

परत आल्यावर पास्कू घड्याळ माझ्याकडे घेऊन आला. म्हटलं, ठेव, तेल घालून देतो. त्या दुपारी मी दुकान बंद करून आत बसलो आणि ते झिजलेलं टोक नीट केलं. तीच एका दुपारची दुरुस्ती! आडवं ठेवून पाहिलं, पालथं ठेवून पाहिलं, बिनचूक. हे मी पश्चात्तापाने केलं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला अजून ओळखलं नाही. दुसऱ्या कुण्या घड्याळजीने ते उघडलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. आता फुटणार नव्हतं. वर मी त्याच्याकडून काही घेतलं नाही म्हणून पास्कूने माझे आभार मानले. दर वर्षी नवा तांदूळ निघाला की त्याचं गाठोडं माझ्या दारात यायचं. वालाच्या शेंगा यायच्या. आणि आम्ही खाल्ल्या हो! बायको म्हणायची, किती भला माणूस. मी म्हणायचो, हं.

नाव बाजारभर झालं. पोरं ओरडायची, ए मद्रास, किती वाजले? तो घड्याळ काढून सांगायचा आणि वर विचारायचा, तुजा का माजा टाइम? स्वतःची फजिती रंगवून सांगायचा. तो तसं हसायला लागला की मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटायची. का हसतोस? का भांडत नाहीस? एकदा, फक्त एकदा, 'नानाशेट, तुमचं घड्याळ खोटं होतं' असं म्हणाला असतास तर मी — काय केलं असतं? काही नाही. आणखी मोठ्याने हसलो असतो.

मारी मात्र पुन्हा माझ्या दुकानाच्या बाजूने कधी गेली नाही. रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, गाडी चुकली ती चुकली, नाव पडलं ते पडलं. नाही. अजून एक आहे, आणि ते सगळ्यांत वाईट.

पाद्रीने आंतोनला निरोप धाडला होता की तुझ्यासाठी घड्याळ घेऊन तुझा बाप निघाला होता, पण वेळेत गफलत झाली आणि गाडी चुकली. पुढे इनास नावाचा त्यांच्याच गावचा एक जण, बोटीवर स्वयंपाकी होता, सुटीवर आला. आंतोन त्याला आफ्रिकेत जंगबारला भेटला होता. आंतोन काय म्हणाला, ते त्याने येऊन सांगितलं. म्हणाला, "घड्याल घेतलेला मानूस गाडी चुकवल? बापाला यायचा नव्हता. नाय आला तर नाय आला, पन खोटा कशाला बोलते?"

कळतंय का तुम्हाला? खरं कारण मी दाबून ठेवलं होतं, म्हणून पास्कूकडे द्यायला एक हास्यास्पद कारण तेवढं उरलं. आणि ते त्याच्या पोराला खोटं वाटलं. खोटारडा मी, आणि खोटा ठरला तो.

पास्कू इनासला घेऊन माझ्याकडे आला. तेवढा एकदाच तो हसत नव्हता. म्हणाला, "तुमी सांगा याला. तुमचा शबूद आंतोन मानंल. त्या दिशी काय झाला ता सांगा."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. शिरस्तेदार नव्हते, रिकामटेकडे नव्हते. इनास परत बोटीवर जाणारा माणूस, ठाण्यात कुणाला काही कळलंही नसतं. एक वाक्य पुरे होतं — सांग त्याला, घड्याळात खोट होती आणि ती मला ठाऊक होती.  आणि मी काय सांगितलं? मद्रासची गोष्ट सांगितली. नेहमीसारखी, रंगवून, घंटेसकट, भुतासकट. इनास पोट धरून हसला. ती गोष्ट तो जंगबारला घेऊन गेला. पास्कूने मला हात जोडले.

आंतोन आला नाही. मारी त्याची वाट बघत गेली. मग पास्कू अंथरुणाला खिळला. जायच्या आधी त्याने घड्याळ माझ्याकडे पाठवलं, आंतोन आला तर त्याला द्या म्हणून. माझ्याकडे बरं राहील म्हणे. आणि राहिलं. रोज सकाळी मी त्याची गुंडी फिरवली. त्याच खुंटीवर.

या हिवाळ्यात आंतोन आला. केस पिकलेले, गळ्यात बापासारखाच क्रूस. बाजारात त्याने पास्कूचं घर विचारलं तर कुणाला सांगता येईना, मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे मद्रासचं का? तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्या नावाने आधीच गोंधळलेला होता. मी खुंटीवरून घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. दुकानात मी आणि तो, दोघंच.

"बाप आलेला? स्टेशनात?"

"आलेला. तुझी आई पण."

 मग त्याने घड्याळ माझ्यासमोर बाकावर ठेवलं. आडवं, काच वर, पाठ खाली. वाकून त्याला कान लावला. ते चालत होतं. चालणारच, मीच नीट केलेलं. तो तसाच कान लावून राहिला, आणि मी त्याच्या पिकल्या डोक्याकडे बघत राहिलो.

"चांगला चालते," तो म्हणाला. "म्हंजे चूक बापाचीच."

मी म्हणालो, "हो."